पोटुशी वानरीण आणि अर्धी भाकरी

वानरांचं मला कधीच कौतुक नव्हतं, आजही नाही. वाळत घातलेले पापड पळवणाऱ्या आणि घराची कौलं फोडणाऱ्या प्राण्याबद्दल ज्यांना माया वाटते त्यांनी ती खुशाल वाटून घ्यावी. तरीही दोन वर्षं मी वही घेऊन त्यांच्यामागे हिंडले, आणि त्याला कारण माझा हट्टी स्वभाव. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे आमचे सर एकदा पुण्यात भेटले. मी लग्न होऊन दिघीपलीकडच्या एका गावात आलेय आणि तिथल्या हायस्कूलवर शास्त्र शिकवते हे कळल्यावर ते म्हणाले, "तुमच्या टेकडीवर वानरं आहेत ना? मग नोंद ठेवून बघ. कोणती मादी कधी गाभण राहते, त्या दिवसांत काय खाते, कुठं बसते, पिल्लू कधी होतं. आपल्या मुलखातलं हे कुणी लिहूनच ठेवत नाही." घरी येऊन मी हे सांगितलं. आमचे हे पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. जेवता जेवता ते हसले आणि एवढंच म्हणाले, "आठ दिवस." आठ दिवसांत मी कंटाळेन, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी दोनशे पानी वही विकत घेतली.

टेकडी घर आणि शाळेच्या मधेच होती, त्यामुळे वाकडी वाट करावी लागत नसे. तिच्या एका अंगाला लष्कराची हद्द आणि तारेचं कुंपण होतं, म्हणून तिथली झाडं शाबूत होती. दुसऱ्या अंगाला दगडाची खाण. आमच्या भागात तेव्हा रोज नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या पायाची खडी या खाणीतून जायची. दुपारी आणि संध्याकाळी सुरुंग उडायचे. मधल्या सपाटीवर मारुतीचं देऊळ, दोन उंबर, एक वड आणि एक जुनी चिंच. टोळीत एक हुप्प्या, नऊ माद्या आणि लहानमोठी पिल्लं. हुप्प्या म्हणजे टोळीचा मोठा नर. त्याचं दिवसभराचं काम म्हणजे उंच बसणं आणि सगळ्यांकडे तुच्छतेने बघणं. त्याला पाहिलं की मला आमच्या हेडमास्तरांची आठवण येई.

गाभण वानरीण ओळखणं सोपं असेल अशी माझी समजूत होती. गाईम्हशीचं दिसतं तसं हिचंही पोट दिसेल, त्यात काय एवढं. पण पानं खाणाऱ्या प्राण्याचं पोट संध्याकाळी एरवीही तट्ट फुगलेलं असतं. पहिल्या दोन महिन्यांत मी ज्या तीन माद्यांपुढे वहीत "गाभण" असं लिहिलं, त्यातली एक तरुण नर निघाली. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

हळूहळू नजर बसली. साधारण साडेसहा महिने वानरिणीच्या पोटात पिल्लू असतं. शेवटच्या दोन महिन्यांत ती उड्या कमी मारते, दुपारभर सावलीत पाय पसरून बसते, आणि खाताना निवडून खाते. जून पान टाकून कोवळं घेते, उंबर हातात दाबून बघते. पहिल्या वर्षी पाऊसपाणी ठीक होतं. पळस फुलला तेव्हा माद्या दिवस दिवस पळसावर असायच्या. वारुळाची माती त्यांना चाटताना पाहिलं तेव्हा मला हसू आलं, कारण माझ्या वेळी मीही पाटीवरच्या पेन्सिली चोरून खाल्ल्या होत्या. त्या वर्षी होळीच्या आगेमागे पाच पिल्लं झाली. काळी कुळकुळीत, आईच्या पोटाला डिंकाने चिकटवल्यासारखी. मी सरांना पत्राने कळवलं. यांना मुद्दाम वही दाखवली आणि म्हटलं, "आठ दिवस संपले."

पुढच्या वर्षी, बहात्तर साली, पाऊस गेला. त्याबद्दल सगळ्यांनी पुष्कळ सांगितलंय, मी टेकडीपुरतं सांगते. उंबर धरलेच नाहीत. चिंचेचा पाला वेळेआधी झडला. वानरं साली सोलून खाऊ लागली, बाभळीचा डिंक खरवडू लागली, गावात शिरून शेवग्याच्या झाडांचा पाला ओरबाडू लागली. आदल्या वर्षी पाच माद्यांना पिल्लं झाली होती. या वर्षी गाभण राहिल्या दोघीच. एकीचा कान फाटलेला होता, तिला मी कानफाटी म्हणायची. दुसरी माणूस दिसलं की दूर पळायची, तिला भित्री. कानफाटी देवळापाशी वावरायची. भित्रीला टोळीतल्या बाकीच्या माद्या हुसकून लावत, म्हणून ती खाणीच्या बाजूला एकटी असायची. दिवसातून दोनदा सुरुंगाची शिट्टी झाली की ती पोटातलं ओझं घेऊन कड्यावर चढून जायची आणि सगळं शांत झाल्यावर खाली यायची. खायला जेमतेम आणि त्यात ही रोजची धावपळ. सरांचं पत्र आलं, "आता नोंद सोडू नकोस. अशा वर्षीच खरं कळतं."

त्याच हिवाळ्यात आमच्या घरातही एक पोटुशी होती. माझी धाकटी जाऊ. दीर ट्रक चालवायचे, ती घर बघायची. दोनदा तिला दिवस गेले होते. पहिली मुलगी सातव्या महिन्यात मेलेलीच झाली. दुसरी पूर्ण दिवसांची, पण ओंजळीत मावेल एवढी, दोन दिवस जगली. धाकटीला आई नव्हती, म्हणून बाळंतपणं आमच्याच घरी होत. माझी मुलगी माझ्या माहेरी झाली, पुण्यात. तिथे माझ्या आईने मला कोंबून कोंबून खायला घातलं होतं, त्यामुळे आमच्या घरातला नियम माझ्या वाट्याला आला नव्हता. नियम सासूबाईंचा होता. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. नियम असा, की पाचवा महिना संपला की पोटुशीने अर्धी भाकरी खायची आणि काम दुप्पट करायचं. फार खाल्लं की पोर पोटात वाढतं, मोठं पोर बाहेर येताना अडतं आणि आईला घेऊन जातं. हे आत्याबाईंनी एकट्यांनी काढलेलं नव्हतं, आळीतल्या घरोघरी तेच चालायचं. फरक एवढाच की आत्याबाई कुठलाही नियम पाळायच्या तर शंभर टक्के पाळायच्या.

धाकटीचा पाचवा संपला आणि अर्धी भाकरी सुरू झाली. त्यात दुष्काळामुळे पाणी दीड मैलावरच्या विहिरीवरून. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती सकाळी दोन खेपा करायची. मी बघत होते आणि माझं डोकं तापत होतं.

आत्याबाई दर शनिवारी मारुतीला जायच्या. भिजवलेले हरभरे, गूळ, मूठभर शेंगदाणे टोपलीत घेऊन. त्या वर्षी घरात हरभरे मोजकेच होते, तर त्या स्वतः एक वेळ जेवून वानरांचा वाटा बाजूला काढायच्या. एका शनिवारी मीही वही घेऊन तिथेच होते. त्यांनी पायरीवर बसून नुसता हात पुढे केला आणि कानफाटी समोर येऊन बसली. बाकीची वानरं पुढे सरसावली तर आत्याबाईंनी काठी आपटून त्यांना मागे लोटलं. सगळे हरभरे एकटीला.

"आत्याबाई, ही गाभण आहे हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. मला स्वतःला खात्री होऊन पंधराच दिवस झाले होते.

"गाभण काय म्हणतीस? म्हस हाय का ती? पोटुशी म्हण."

"बरं, पोटुशी. पण कळलं कसं?"

"उतरताना बघ की. आदी मागचं पाय टाकती, मग हात सोडती. तीन म्हयनं झालं असं उतरती."

तीन महिने. मी रोज वही घेऊन बसले होते आणि हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. ते मी निमूट लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि तिला एकटीलाच का घालता?"

"आगं, पोटात जीव हाय तिच्या. दोघांचं खावं लागतंय तिला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आजूबाजूला आळीतल्या चारपाच बायका नारळ फोडायला आल्या होत्या. पण माझं तोंड माझ्या ताब्यात कधी नव्हतंच. मी मोठ्याने म्हणाले, "मग घरातल्या पोटुशीला अर्धी भाकरी का? तिच्या पोटात काय धोंडा आहे?"

एक बाई फिसकन हसली. आत्याबाईंनी टोपली उचलली, मारुतीला हात जोडले आणि खाली उतरून गेल्या. त्यानंतर दहा दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. धाकटीच्या ताटातली अर्धी भाकरी दुसऱ्या दिवसापासून चतकोर झाली. भांडी घासताना धाकटी रडत मला म्हणाली, "ताई, तुम्ही बोलला नसता तर बरं झालं असतं. अर्धी तरी व्हती." मला इतकी लाज वाटली की मी तिच्या हातातलं भांडं घेऊन उगाच घासत बसले.

चूक माझी होती, तेव्हा ती निस्तरायचीही मीच. भांडून उपयोग नव्हता, ते दिसलंच होतं. पाण्याच्या दोन्ही खेपा मी शाळेच्या आधी करायला लागले. हातात वही आणि डोक्यावर हंडा अशी शास्त्राची बाई पाहून वर्गातली पोरं आठवडाभर हसली, मग त्यांना सवय झाली. रोज भाकरी थापताना मी दोन जादा करायची, त्या वहीच्या पिशवीत तळाला घालायची, वर शेंगदाण्याची चटणी, आणि शेजारच्या कोंबडीवालीकडून घेतलेली दोन उकडलेली अंडी. संध्याकाळी धाकटी सरपणाच्या निमित्ताने टेकडीवर यायची, देवळामागे बसून भराभर खायची. मारुतीच्या मागे अंडी खाताना ती दर घासाला कान पकडायची आणि पुढचा घास घ्यायची.

हे जेमतेम पंधरा दिवस चाललं. एव्हाना कानफाटीला पिल्लू झालं होतं, चांगलं टपोरं, आणि ती त्याला पोटाशी घेऊन आमच्याकडे बघत बसायची. माणसाच्या हातातून खायची सवय तिला आत्याबाईंनीच लावलेली. एका बुधवारी धाकटीने पहिला घास तोंडात घातला तोच कानफाटीने झडप घातली आणि पिशवी घेऊन सरळ देवळाच्या पत्र्यावर. भाकरी तिने फाडल्या. वहीची चारपाच पानं चावून बघितली आणि थुंकली. अंडं वानराला कळेना. तिने ते हुंगलं आणि खाली फेकलं. अंडं पत्र्यावरून घरंगळत पायऱ्यांवर आलं, दोन पायऱ्या उतरलं आणि पाऊल उचललेल्या आत्याबाईंच्या पुढ्यात थांबलं.

बुधवारी त्या कधी टेकडीवर येत नसत. त्यांनी अंड्याकडे बघितलं, पत्र्यावरच्या पिशवीकडे बघितलं, धाकटीच्या भरलेल्या तोंडाकडे बघितलं. मी मनातल्या मनात भांडणाची सगळी तयारी केली. पण त्या वेगळ्याच कामाला आल्या होत्या. "ती कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "खाणीवरच्या बाया म्हणत्यात, एक वानरीण मेलेलं पोर घिऊन फिरतीया."

आम्ही तिघी खाणीच्या कडेला गेलो. भित्री एका दगडावर बसली होती. तिच्या हातात मूठभर काहीतरी होतं. दिवस भरायच्या आधीच झालेलं, कानफाटीच्या पिल्लाच्या निम्म्याएवढंही नाही, अंगावर केसही धड नव्हते. ती त्याला छातीशी धरायची, ते घसरायचं, ती परत उचलायची. आत्याबाईंनी आधी धाकटीच्या तोंडावर पदर ओढला, कारण पोटुशीने असलं बघू नये. पण धाकटीने तो बाजूला केला. "बघू द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "मला काय नवीन हाय का?" आत्याबाईंनी पुन्हा पदर ओढला नाही.

परतताना मी काठीने पत्र्यावरची पिशवी खाली ओढून घेतली, चावलेल्या वहीसकट. दिवेलागण झाल्यावर आत्याबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "त्या वहीत काय लिवतीस ते वाच."

मी वाचायला लागले. कोणत्या दिवशी कानफाटीने काय खाल्लं, भित्रीने काय खाल्लं. कानफाटीपुढे दर शनिवारी हरभरे, गूळ, शेंगदाणे. भित्रीपुढे साल, डिंक, वाळका पाला, आणि रोज दोनदा, "सुरुंग, कड्यावर पळाली." त्या मधेमधे मला थांबवून दुरुस्त करायच्या. भित्रीचं हे पहिलं नव्हे, तिसरं. कानफाटी ही अमक्या म्हाताऱ्या वानरिणीची लेक. मग त्या आपणहून सांगायला लागल्या, की पाऊस दगा देतो त्याच्या पुढल्या साली पिल्लं होतात दोन नाहीतर तीन, आणि त्यातलीही सगळी टिकत नाहीत. चांगलं पिकलं की पुढे सगळ्या माद्यांच्या कडेला पोर. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं त्यांनी हे दर शनिवारी पाहिलेलं होतं. मी पेन्सिल काढून लिहीत सुटले. माझ्या दोन वर्षांच्या वहीत त्या संध्याकाळच्या चार पानांएवढं मोलाचं दुसरं काही नाही.

वाचून झाल्यावर मी म्हणाले, "दोनच वानरिणी आहेत, आत्याबाई. एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्य गिळलं.

त्यांनी दिव्याची वात पुढे सारली. मग म्हणाल्या, "माझी थोरली भन आडली व्हती. तीन दिस. आदी पोराचा हात भायेर आला आन् मग कायच हालंना. मी तवा तेरा वर्साची. तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. सुईण म्हणली, पोर मोठं हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला काय धाकटीच्या पोटाचा राग हाय का गं?"

मला वाटत आलं होतं की ही बाई कंजूष आहे, हट्टी आहे, सुनेला छळते. त्या चारपाच बायकांपुढे मी जे बोलले होते ते आठवून मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण रडारड करून धाकटीच्या पोटात काही जाणार नव्हतं.

"आत्याबाई, भीती अडण्याचीच आहे ना?" मी म्हणाले. "मग अडली तर काय करायचं ते माझ्याकडे. खायला काय घालायचं ते तुमच्याकडे."

"तू काय करणार?"

"चिंचवडला नेईन. तिथे एक डॉक्टरीणबाई आहेत. पोट उघडून मूल काढतात."

"पोट फाडून?"

"फाडून."

"आन् काय झालंच तर? जबाबदारी?"

"माझी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि धाकटीला घेऊन चिंचवड गाठलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि रक्त कमी आहे म्हणून मला झापलं, जणू मीच सासू. आडवेळी आणलं तर घेऊ, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय मी उठले नाही. घरी आत्याबाई तयारच होत्या. नियम बदलला होता आणि नवा नियमही त्या शंभर टक्केच पाळणार होत्या. धाकटीला सकाळी भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ, दुपारी शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि दोन भाकरी, शेळीचं दूध. शेवगा दुष्काळातही हिरवा होता. वानरं तो ओरबाडून नेत होती तेव्हा आम्ही नुसते दगड मारत होतो. धाकटी नको म्हणाली की आत्याबाई काठी आपटायच्या, देवळात आपटायच्या तशीच. अंडी मात्र त्यांनी घरात शिजवू दिली नाहीत. ती माझ्या पिशवीतून टेकडीवर जाऊनच खायची असत, आणि ते त्यांना ठाऊक नाही असं आम्ही तिघी धरून चालायचो.

शनिवारच्या हरभऱ्यांचे आता दोन वाटे झाले. एक देवळात आणि एक खाणीच्या बाजूला, दगडावर ठेवून त्या लांब जाऊन बसायच्या, भित्री येईपर्यंत. मी सरांना हे कळवलं तर ते नाराज झाले. हाताने घातलेल्या खाण्यावरचं निरीक्षण हे रानातलं निरीक्षण नव्हे, त्यामुळे ही दोन वर्षं कुठे छापायला उपयोगाची नाहीत, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं बरोबर होतं. मला दोन दिवस वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा नोंद केली.

जूनच्या शेवटी एका सकाळी धाकटीला कळा सुरू झाल्या. सुईण आली. बारा वाजले तरी काही पुढे सरकेना. मी बाहेर पाणी तापवत होते. आतून आत्याबाई आल्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघूनच मी उठले. "हात," त्या म्हणाल्या. "हात आला भायेर."

मी रस्त्याकडे पळाले. दुसऱ्या पाळीची कंपनीची बस चाकणकडून त्याच सुमाराला यायची. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ड्रायव्हर भोसरीचे, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांनी ब्रेक मारला, डोकं बाहेर काढून काहीतरी खरमरीत बोलणार होते, पण माझा अवतार बघून थांबले. मी सांगितलं. ते म्हणाले, "आणा लवकर. शिफ्ट अर्धा तास उशिरा सुरू झाली तर कारखाना मरत नाही." बसमधल्या कामगारांनी धाकटीला घोंगडीसकट उचलून मागच्या लांब बाकावर निजवलं आणि सगळेच्या सगळे पुढे तोंड करून उभे राहिले. तिचं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. चिंचवड येईपर्यंत त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "मी हाय गं. मी हाय." ते धाकटीला होतं की दुसऱ्या कुणाला, ते मी कधी विचारलं नाही.

तासाभराने मुलगी झाली. पोट उघडूनच. सव्वासहा पौंडांची, आणि ओरडणारी अशी की पलीकडच्या खोलीतली बाई उठून बघायला आली. धाकटी वाचली. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा आत्याबाई पुढे झाल्या. "पोर मोठं व्हतं म्हून आडलं का, बाई?"

"छे. मूल आडवं होतं. हात आधी आला म्हणजे तेच. आडवं मूल एवढंसं असो की मोठं, ते आपणहून बाहेर येत नाही. मूल चांगलं पोसलेलं होतं म्हणून एवढे तास तगलं. अशक्त असतं तर हाती लागलं नसतं."

त्या गेल्या. आत्याबाई बाकावर बसल्या. मी शेजारी बसले.

"म्हंजी खाण्याचा काय संबंध न्हवता," त्या म्हणाल्या.

"अडण्याशी नव्हता."

"माझी भन बी अर्ध्याच भाकरीवर व्हती." मग थांबून, अगदी हळू, "आन् आपल्या पयल्या दोघी? त्या तर आडल्या न्हवत्या. चिमणीवानी व्हत्या दोघी. त्या कशानं गेल्या?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तीन वर्षं तयार होतं. किती रात्री मी ते मनात घोळवलं होतं, कुठल्या शब्दाला किती धार लावायची तेसुद्धा ठरलेलं होतं. आता त्या स्वतः विचारत होत्या आणि माझ्याच्याने ते बोलवेना.

"मला माहीत नाही, आत्याबाई."

"तुला ठावं हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. डोळे तसेच वाहू दिले.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गावी परतले, धाकटीचे कपडे न्यायला. आळीच्या तोंडाशी पहिल्या घरात एका सुनेला सहावा महिना लागला होता. मी पुढे झाले, म्हटलं जाता जाता सांगून जावं. आत्याबाईंनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. "तू ऱ्हा. तू बोललीस की बाया हसत्यात."

त्या ओट्यावर चढल्या, उंबऱ्याशी बसल्या आणि त्या घरच्या सासूला म्हणाल्या, "माझ्या दोन नाती म्या उपाशी मारल्या. तुझ्या सुनंला पोटभर वाढ. तिचं खाऊन हुईस्तवर मी बसलीया हितं."